एआयजीचे बोनस, मुलांचा विमा आणि कुणाचा करार मोडता येतो

१५ मार्च २००९, रविवार. बेलआउट, म्हणजे बुडत्या कंपनीला सरकारी पैशानं वाचवणं, म्हटलं की लोक एवढे का भडकतात हे ज्याला खरंच समजून घ्यायचंय त्यानं अमेरिकेतला हा एक दिवस नीट बघावा. सकाळी टीव्हीवर ओबामांचे आर्थिक सल्लागार लॅरी समर्स आले, सरकारी पैशावर जगवलेल्या एआयजी या विमा कंपनीतल्या बोनसबद्दल त्यांना विचारलं गेलं, तर ते म्हणाले की गेल्या दीड वर्षात जे काही वाईट घडलं त्यात हे सगळ्यात संतापजनक आहे, पण हा कायद्याचा देश आहे, करार झालेले आहेत आणि सरकार करार असेच रद्द करू शकत नाही. त्याच दिवशी एआयजीनं एक यादी जाहीर केली, सरकारकडून आलेला पैसा पुढे कुठल्या कुठल्या बँकांकडे गेला त्याची, आणि त्यात गोल्डमन सॅक्सच्या नावापुढे १२.९ अब्ज डॉलर लिहिलेले होते. संध्याकाळी फेडचे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नान्की मुलाखतीत सांगत होते की एआयजीवर बोलताना मी कितीदा तरी फोन आपटलाय.

सरकार चिडलेलं, मध्यवर्ती बँक चिडलेली, लोक तर पेटलेलेच, आणि तरीही बोनसचे पैसे दोन दिवस आधीच कर्मचाऱ्यांच्या खात्यात जाऊन पडले होते. कुणालाच थांबवता आलं नाही. हे असं कसं होतं, हाच या प्रकरणाचा गाभा आहे आणि मला ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण त्यावेळी (आणि नंतरही) असं फार ऐकायला मिळालं की लोकांना वित्तव्यवस्था कळत नाही, ते भावनेच्या भरात बोलतात. मला उलट वाटतं. तपशील लोकांना माहीत नसतील, पण मुख्य गोष्ट त्यांना बरोबर दिसली होती.

घोळ झाला कुठे

एआयजी म्हणजे अमेरिकन इंटरनॅशनल ग्रुप. १९१९ साली शांघायमध्ये सुरू झालेली आणि २००८ पर्यंत १३० देशांत पसरलेली कंपनी, १ लाख १६ हजार कर्मचारी. आयुर्विमा, गाडीचा विमा, धंद्याचा विमा असली नेहमीची कामं करणारी. बुडवलं ते एआयजी फायनान्शियल प्रॉडक्ट्स नावाच्या एका छोट्या युनिटनं, जिथे जेमतेम चारशे माणसं होती, ऑफिसं लंडनला आणि कनेटिकटमधल्या विल्टनला.

या युनिटनं काय केलं तर घरकर्जांचे गठ्ठे बांधून जे बाँड तयार केले जात होते ते बुडाले तर भरपाई आम्ही देऊ अशी हमी बँकांना विकली. याला क्रेडिट डिफॉल्ट स्वॉप म्हणतात. दिसायला हा विमाच, पण कायद्याच्या लेखी विमा नाही, त्यामुळे विमा कंपनीला जसा राखीव पैसा बाजूला ठेवावा लागतो तसा इथे ठेवावा लागलाच नाही. फी येत राहिली, ती नफा म्हणून दाखवली गेली आणि त्या नफ्यावर बोनस वाटले गेले. २००७ च्या शेवटी अशा हमींची एकूण रक्कम ५०० अब्ज डॉलरच्या वर गेली होती. त्यातले साधारण ७८ अब्ज अशा कागदांवर होते ज्यात घरकर्जं ठासून भरलेली होती, आणि तिथेच आग लागली.

युनिटचे प्रमुख होते जोसेफ कसानो. ऑगस्ट २००७ मध्ये, म्हणजे बाजार हलायला लागला होता तेव्हा, ते गुंतवणूकदारांना सांगत होते की या व्यवहारांत एक डॉलरसुद्धा बुडेल अशी परिस्थिती विचार करूनही डोळ्यासमोर येत नाही. मार्च २००८ मध्ये ते बाहेर पडले, तरी सप्टेंबरपर्यंत महिन्याला १० लाख डॉलर सल्लागार फी त्यांना मिळतच राहिली. आधीच्या आठ वर्षांत त्यांनी २८ कोटी डॉलर कमावले होते हे नंतर काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सुनावणीत बाहेर आलं. पुढे त्यांच्यावर फौजदारी चौकशी झाली आणि मे २०१० मध्ये खटला न भरताच ती बंद करण्यात आली.

या सगळ्यावर लक्ष कोण ठेवत होतं? ऑफिस ऑफ थ्रिफ्ट सुपरव्हिजन. हे खातं मुळात बचत बँकांवर देखरेख करण्यासाठीचं, पण एआयजीच्या मालकीची एक लहानशी बचत बँक होती म्हणून अख्खा ग्रुप त्यांच्या अखत्यारीत आला. लंडनमध्ये बसून शेकडो अब्जांच्या हमी विकणाऱ्या माणसांवर नजर ठेवायची त्यांची तयारीच नव्हती.

करारांत एक अट होती, एआयजीचं रेटिंग घसरलं किंवा त्या बाँडची किंमत पडली तर समोरच्या बँकेला तारण म्हणून रोख रक्कम द्यायची. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या मोठ्या गुंतवणूक बँकेनं दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच दिवशी तिन्ही मोठ्या रेटिंग एजन्सींनी एआयजीचं रेटिंग खाली आणलं. झालं, सगळ्या बँका एकदम दारात. कंपनीकडे मालमत्ता भरपूर होती पण रोकड नव्हती.

एका संध्याकाळी ८५ अब्ज

१६ सप्टेंबरला बर्नान्की आणि अर्थमंत्री हेन्री पॉलसन काँग्रेसच्या नेत्यांना भेटायला गेले. परवानगी मागायला नव्हे, सांगायला गेले, कारण मंदीच्या काळात १९३२ साली फेडच्या कायद्यात घातलेलं कलम १३(३) असं आहे की असाधारण आणि तातडीच्या परिस्थितीत फेड बँक नसलेल्या कुणालाही कर्ज देऊ शकतं. हाउसच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, वित्त समितीचे अध्यक्ष बार्नी फ्रँक यांनी विचारलं, तुमच्याकडे ८५ अब्ज आहेत का? बर्नान्की म्हणाले, माझ्याकडे ८०० अब्ज आहेत. हा किस्सा फ्रँक यांनीच नंतर सांगितलाय. कर्ज मंजूर झालं, बदल्यात सरकारनं कंपनीचा ७९.९ टक्के हिस्सा घेतला, व्याजही जबर लावलं, बाजारदरावर साडेआठ टक्के. मतदान नाही, चर्चा नाही, काही तासांत विषय संपला.

आता एक वर्ष मागे जाऊ या, कारण याच्याशेजारी ती गोष्ट ठेवल्याशिवाय लोकांचा राग कळणार नाही. अमेरिकेत १९९७ पासून मुलांच्या आरोग्य विम्याची एक सरकारी योजना आहे, ज्या घरांचं उत्पन्न मेडिकेडसाठी (गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेसाठी) जास्त पण खाजगी विमा घेण्यासाठी कमी, त्यांच्या मुलांसाठी. २००७ मध्ये काँग्रेसनं ती वाढवायचं ठरवलं, पाच वर्षांत ३५ अब्ज डॉलर जादा, म्हणजे वर्षाला ७ अब्ज. आणखी साधारण ४० लाख मुलं विम्याखाली आली असती. पैसे कुठून येणार हेही बिलातच लिहिलं होतं, सिगरेटवरचा टॅक्स पाकिटामागे ६१ सेंटनी वाढवून. दोन्ही पक्षांची मतं त्याला मिळाली. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ३ ऑक्टोबर २००७ ला व्हेटो केला, कारण काय तर यानं लोक सरकारी विम्याकडे वळतील आणि खर्च फार आहे. व्हेटो उलटवायला हाउसमध्ये १३ मतं कमी पडली. डिसेंबरमध्ये सुधारित बिल आलं, त्यालाही व्हेटो.

आणि ३ ऑक्टोबर २००८ ला, त्या पहिल्या व्हेटोला बरोबर एक वर्ष होतं त्या दिवशी, त्याच बुश यांनी ७०० अब्ज डॉलरच्या टार्प नावाच्या बेलआउट कायद्यावर सही केली. पॉलसन यांनी या कायद्याचा पहिला मसुदा पाठवला होता तो तीन पानांचा, आणि त्यात असं कलम होतं की अर्थमंत्र्यांच्या निर्णयाला कुठलंही कोर्ट किंवा खातं आव्हान देऊ शकणार नाही. हाउसनं २९ सप्टेंबरला एकदा हे बिल फेटाळलं (२२८ विरुद्ध २०५), डाउ जोन्स हा शेअर निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला आणि चार दिवसांत मतं फिरली.

मला माहितीये इथे काय उत्तर दिलं जातं. एक कर्ज आहे, दुसरा खर्च आहे, दोन्हीची तुलना होत नाही. फेडचं कर्ज बजेटमधून जात नाही. बर्नान्की यांनी त्याच १५ मार्चच्या मुलाखतीत सांगितलं होतं की बँकांना आम्ही कर्ज देतो तेव्हा तो टॅक्सचा पैसा नसतो, आम्ही कॉम्प्युटरवर त्यांच्या खात्यातला आकडा वाढवतो. हिशेबाच्या दृष्टीनं बरोबर आहे हे. पण ज्या आईला दोन वर्षं ऐकवलं गेलं की तुझ्या मुलाच्या विम्यासाठी देशाकडे पैसे नाहीत, तिच्यासमोर हे वाक्य ठेवून बघा. तिला त्यातून एवढंच कळणार की पैसे कमी पडत होते हे कारण कधी खरं नव्हतंच, कुणासाठी हालचाल करायची हे आधी ठरत होतं आणि कारण मागाहून येत होतं. (ती योजना शेवटी ओबामांनी ४ फेब्रुवारी २००९ ला सही करून वाढवली, पैसा सिगरेटच्या टॅक्समधूनच. झाली हे चांगलंच, पण मधली वर्षं गेली ती गेली.)

एआयजीला वाचवणंच चूक होतं असं माझं म्हणणं नाही. ती त्या आठवड्यात बुडाली असती तर तिच्या हमीवर विसंबलेल्या युरोप-अमेरिकेतल्या बँका, तिचे रोखे घेतलेले पेन्शन फंड, तिच्याकडे पैसे ठेवलेल्या नगरपालिका, सगळीकडे त्याचा फटका बसला असता, आणि लेहमननंतर लगेच दुसरा तेवढाच मोठा फटका सहन करायची ताकद बाजारात नव्हती. वाचवायला हवंच होतं. भांडण आहे ते कुठल्या अटींवर वाचवलं याचं.

बोनस

८५ अब्ज पुरले नाहीत. ऑक्टोबरमध्ये आणखी ३७.८ अब्ज, नोव्हेंबरमध्ये पूर्ण पॅकेजची फेरमांडणी होऊन टार्पमधून ४० अब्ज, मग २ मार्च २००९ ला कंपनीनं एका तिमाहीत ६१.७ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला, तोपर्यंत कुठल्याच कंपनीनं एवढा तोटा दाखवला नव्हता, आणि सरकारनं आणखी ३० अब्जांची तयारी दाखवली. एकूण आकडा १८२ अब्जांवर गेला. मध्ये एक प्रकार असाही झाला की बेलआउटनंतर आठवड्याभरात कंपनीच्या एका शाखेनं कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या आलिशान रिसॉर्टमध्ये एजंटांसाठी कार्यक्रम केला, बिल ४ लाख ४० हजार डॉलरच्या आसपास, त्यात स्पाचे २३ हजार. सुनावणीत हे वाचून दाखवलं गेलं तेव्हापासून एआयजी हे नाव शिवीसारखं झालं.

बोनसचे करार २००८ च्या सुरुवातीचे होते, बेलआउटच्या आधीचे. युनिट बुडणार हे दिसायला लागल्यावर माणसं सोडून जाऊ नयेत म्हणून २००८ आणि २००९ साठी ठराविक रकमेची हमी देऊन ठेवली होती, २००७ च्या पातळीवर, कामगिरी कशीही असो. त्यातला १६ कोटी ५० लाख डॉलरचा हप्ता १३ मार्चला दिला गेला. न्यूयॉर्कचे अॅटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी कागद मागवून सांगितलं की ७३ जणांना १० लाख किंवा त्याहून जास्त मिळाले, सगळ्यात मोठा आकडा ६४ लाखांचा, आणि त्या ७३ मधले ११ जण तर आधीच नोकरी सोडून गेलेले. माणसं टिकावीत म्हणून दिलेला बोनस सोडून गेलेल्यांना मिळतो, यावर कुणी काय समजूत घालणार?

कंपनीची बाजूही सांगतो. सरकारनं नेमलेले नवे प्रमुख एडवर्ड लिडी वर्षाला १ डॉलर पगारावर काम करत होते, हे करार त्यांनी केलेले नव्हते आणि त्यांना ते आवडलेलेही नव्हते. पण वकिलांचं म्हणणं पडलं की कनेटिकटच्या वेतन कायद्याखाली पैसे अडवले तर कोर्टात दुप्पट भरावे लागतील, आणि शिल्लक राहिलेले १.६ लाख कोटी डॉलरचे गुंतागुंतीचे व्यवहार उलगडायला तीच माणसं लागतात, ती एकदम गेली तर नुकसान बोनसपेक्षा कितीतरी मोठं. ज्यांना पैसे मिळाले त्यातल्या बऱ्याच जणांचा घरकर्जाच्या व्यवहारांशी संबंधही नव्हता, त्या हमी विकणारे बहुतेक आधीच निघून गेलेले. हे सगळं खरं आहे. त्या कर्मचाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, लिडी यांनी सुनावणीत त्यातल्या काही वाचून दाखवल्या, आणि ते कुठल्याही रागानं क्षम्य होत नाही.

त्या आठवड्यात जे झालं ते भराभर सांगतो. ओबामा म्हणाले की ज्या टॅक्स भरणाऱ्यांनी ही कंपनी जगवलीय त्यांच्यासमोर याचं समर्थन कसं करणार. गॅलपच्या पाहणीत १० पैकी साधारण ६ जणांनी आपण संतापलोय असं सांगितलं. १८ तारखेला लिडी यांनी १ लाखाच्या वर मिळालेल्यांना निम्मे परत करा अशी विनंती केली. १९ तारखेला हाउसनं ३२८ विरुद्ध ९३ मतांनी अशा बोनसवर ९० टक्के टॅक्स लावणारं बिल पास केलं, सिनेटनं, म्हणजे वरिष्ठ सभागृहानं, ते कधी हातातच घेतलं नाही. २१ तारखेला कनेटिकटमध्ये वर्किंग फॅमिलीज पार्टी या छोट्या डाव्या पक्षानं एक बस काढली, अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसमोर जाऊन पत्र ठेवलं की सामान्य घरांवर काय वेळ आलीय ती येऊन बघा. मग मोठ्या रकमा मिळालेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पैसे परत करायचं कबूल केलं, कुओमो यांच्या सांगण्यानुसार साधारण ५ कोटी. पुढच्या फेब्रुवारीत पुढचा हप्ता, साधारण १० कोटी डॉलर, थोडी कपात स्वीकारून दिला गेलाच.

करार पवित्र, पण कुणाचा

आता समर्स यांच्या त्या वाक्याकडे या. करार झालेले आहेत, सरकार मोडू शकत नाही. हे वाक्य लोकांना का झोंबलं त्याचं कारण तीन महिने आधीच्या वाहन कंपन्यांच्या प्रकरणात आहे.

डिसेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायसलरसाठी १४ अब्जांचं कर्ज सिनेटमध्ये अडलं. कशावरून? कामगारांच्या पगारावरून. युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियननं आपला पगार अमेरिकेत कारखाने असलेल्या परदेशी कंपन्यांच्या पातळीवर ठराविक तारखेपर्यंत आणावा असा आग्रह धरला गेला, युनियननं तारीख मान्य केली नाही आणि ११ डिसेंबरला बिल पडलं. मग बुश यांनी टार्पमधून १७.४ अब्ज दिले, पण कर्जाच्या अटींमध्ये पगार आणि कामाचे नियम २००९ च्या शेवटापर्यंत स्पर्धेच्या पातळीवर आणायचं उद्दिष्ट घातलंच. युनियनचा करारही सही-शिक्क्याचा करारच होता ना. तो पुन्हा उघडला गेला, बोनस आणि महागाई भत्ता गेला, निवृत्त कामगारांच्या औषधपाण्यासाठी कंपनीनं जे पैसे भरायचे होते त्याचा मोठा भाग रोख मिळण्याऐवजी बुडत्या कंपनीच्या शेअर्समध्ये घ्यावा लागला. तासाच्या मजुरीवर लाइनवर उभं राहणाऱ्या माणसाचा करार परिस्थिती बदलली म्हणून बदलता येतो आणि फायनान्शियल प्रॉडक्ट्समधल्या माणसाचा करार काळ्या दगडावरची रेघ, हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं. त्यासाठी स्वॉप म्हणजे काय हे कळायची गरज नव्हती.

यात भर म्हणजे फेब्रुवारी २००९ च्या स्टिम्युलस कायद्यात, म्हणजे मंदीत अर्थव्यवस्थेला चालना देणाऱ्या कायद्यात, मदत घेतलेल्या कंपन्यांच्या बोनसवर मर्यादा घातली होती, पण ११ फेब्रुवारीच्या आधीचे करार त्यातून वगळले होते. सिनेटर ख्रिस डॉड यांनी आधी हात झटकले, मग कबूल केलं की ट्रेझरीच्या, म्हणजे अर्थखात्याच्या, सांगण्यावरून त्यांच्या ऑफिसनं भाषा बदलली.

दुसरं उदाहरण मला याहूनही महत्त्वाचं वाटतं आणि त्यावर त्यावेळी फारच कमी बोललं गेलं. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात न्यायाधीश कर्जदाराच्या सुट्टीतल्या दुसऱ्या घराचं कर्ज कमी करू शकतो, शेताचं करू शकतो, भाड्यानं दिलेल्या घराचं करू शकतो, पण माणूस स्वतः राहतो त्या घराचं मूळ कर्ज कमी करू शकत नाही. २००९ मध्ये २८ लाख घरांवर जप्तीची कारवाई निघाली होती, लाखो लोकांची घरं कर्जापेक्षा स्वस्त झालेली, आणि हा एक नियम बदलला असता तर सरकारी तिजोरीतून एक डॉलरही न जाता बँका तडजोडीला बसल्या असत्या. हाउसनं मार्चमध्ये तो बदल पास केला. सिनेटमध्ये सिनेटर डिक डर्बिन यांनी आणला, बँकांनी जोर लावला, आणि ३० एप्रिलला तो ४५ विरुद्ध ५१ मतांनी पडला, डर्बिन यांच्या स्वतःच्या पक्षातल्या १२ जणांनी विरोधात मत दिलं. क्रायसलर दिवाळखोरीत गेली तोही हाच दिवस. म्हणजे कामगारांचा करार कोर्टात उघडला जात होता आणि त्याच दिवशी घरमालकाला त्याच कोर्टाचं दार बंद केलं जात होतं.

घरमालकांसाठी योजना नव्हती असं नाही. ७५ अब्जांची जाहीर झाली होती, ३० ते ४० लाख कुटुंबांना हप्ते कमी करून देणार म्हणून. पण तिथे पगाराचे पुरावे, टॅक्सचे कागद, तीन महिन्यांचे ट्रायल हप्ते, आणि बँकेनं कागद हरवले की पुन्हा पहिल्यापासून सगळं. कित्येकांनी ट्रायलचे हप्ते वेळेवर भरले तरी शेवटी नकार आला आणि घरं गेली. जाहीर केलेल्या आकड्याच्या जवळपासही योजना पोचली नाही. टार्पवर देखरेख करणारे खास महानिरीक्षक नील बॅरोफस्की यांनी यावर वारंवार लिहिलं.

खरी रक्कम दुसरीकडेच होती

बोनसवर एवढं रान पेटलं, पण साडेसोळा कोटी म्हणजे १८२ अब्जांच्या हजारातला एक भागसुद्धा नाही. त्या रविवारच्या यादीकडे त्यामानानं कमी लक्ष गेलं याचं मला आजही वाईट वाटतं.

नोव्हेंबर २००८ मध्ये फेडच्या न्यूयॉर्क शाखेनं ठरवलं की ज्या बँकांनी एआयजीकडून हमी घेतल्या होत्या त्यांच्याकडचे ते बाँड विकत घेऊन करार संपवायचे. बाँडची बाजारातली किंमत निम्म्याच्या खाली आलेली. कुठलाही सावकार बुडत्या कर्जदाराशी तडजोड करतो, शंभराचे साठ घेतो, सत्तर घेतो, आणि इथे एआयजी बुडली असती तर या बँकांना त्याहून कमी मिळालं असतं. फेडनं आठ बँकांना फोन करून सूट मागितली. यूबीएस म्हणाली बाकीच्यांनीही दिली तर २ टक्के देऊ. बाकी सात नाही म्हणाल्या. दोन दिवसांत वाटाघाटी संपल्या आणि सगळ्यांना शंभराचे शंभर मिळाले. आधीचं तारण धरून ६२ अब्ज डॉलर. सोसिएते जनराल, गोल्डमन सॅक्स, डॉइश बँक, मेरिल लिंच, सगळे पूर्ण सुटले. बॅरोफस्की यांच्या नोव्हेंबर २००९ च्या अहवालात हे सगळं आलंय. सूट मागताना फेडनं आपलं नियामकाचं वजन वापरलं नाही, कारण ते योग्य ठरलं नसतं असं त्यांना वाटलं. कामगारांच्या पगारावर मात्र सरकारचं वजन वापरताना असा संकोच कुणाला झाला नाही.

ही नावंसुद्धा सहज बाहेर आली नाहीत. ५ मार्चला फेडचे उपाध्यक्ष डोनाल्ड कोन यांनी सिनेटसमोर नावं सांगायला नकार दिला होता. दहा दिवसांनी दबावाखाली यादी आली, आणि बोनसच्या गदारोळात बातम्यांत दुसऱ्या नंबरवर गेली.

राग सोप्या जागी गेला हे खरं, कारण बोनसला चेहरा असतो, तारणाच्या हिशेबाला नसतो. पण यावरून लोकांना दोष देणं मला पटत नाही. ज्यांच्याकडे माहिती होती त्यांनी ती सहा महिने दाबून ठेवली, मग लोक ज्या गोष्टी दिसतील त्यावरच चिडणार.

आणि राग सगळा एकाच दिशेनंही नव्हता. १९ फेब्रुवारीला, घरमालकांची योजना जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, शिकागोच्या एक्स्चेंजमधून लाइव्ह असलेला सीएनबीसी या वाहिनीचा रिक सँटेली ओरडून विचारत होता की शेजाऱ्याचं घरकर्ज तुम्ही का भरायचं, आणि मागचे ट्रेडर टाळ्या वाजवत होते. टी पार्टी या सरकारी खर्चाविरुद्धच्या उजव्या चळवळीला तिथून जोर मिळाला. म्हणजे एक गट म्हणत होता आम्हालाही द्या, दुसरा म्हणत होता कुणालाच देऊ नका. माझी सहानुभूती पहिल्यांकडे आहे, पण दुसऱ्यांचं दुखणंही खोटं नव्हतं. मी हप्ते वेळेवर भरतो, मला कोण विचारतं, हे त्या माणसाचं म्हणणं होतं. फक्त त्याचा राग वर बँकांकडे जाण्याऐवजी शेजारच्या घराकडे वळवला गेला आणि त्याचा फायदा ज्यांना व्हायचा त्यांना झाला. २०१० च्या निवडणुकीनंतर वॉशिंग्टनमध्ये चर्चा खर्चकपातीचीच चालली, बेलआउट मिळालेल्यांकडून आणखी काही वसूल करायचं हा विषयच मागे पडला. राज्यं तर त्याआधीपासूनच कात्री घेऊन बसलेली, कारण बहुतेक राज्यांना तूट ठेवता येत नाही, कॅलिफोर्नियानं तर जुलै २००९ मध्ये पैशांऐवजी नंतर देऊ असं लिहिलेल्या चिठ्ठ्या दिल्या.

पैसे तर परत आले

डिसेंबर २०१२ मध्ये ट्रेझरीनं एआयजीचे शेवटचे शेअर विकले आणि जाहीर केलं की सगळं मिळून सरकारला २२.७ अब्ज डॉलर जास्तच मिळाले. हे आजही शेवटचं उत्तर म्हणून दिलं जातं, फायदा झाला ना, मग ओरड कशाला. फायदा झाला, मान्य. पण २००८ च्या त्या आठवड्यात एवढा धोका दुसरं कुणीच घ्यायला तयार नव्हतं, तो घेण्याची किंमत काय असायला हवी हा प्रश्न उरतोच. आणि धीर धरला तर पैसे परत येतात हा नियम घरमालकांनाही लागू होता, घरांच्या किमती पुढे वाढल्याच, फक्त तोपर्यंत थांबायला त्यांच्या मागे कुणी उभं राहिलं नाही.

कंपनीचे जुने प्रमुख मॉरिस ग्रीनबर्ग यांच्या स्टार इंटरनॅशनलनं तर २०११ मध्ये सरकारवरच २५ अब्जांचा दावा ठोकला, ७९.९ टक्के हिस्सा घेणं अन्यायाचं होतं म्हणून. जानेवारी २०१३ मध्ये एआयजीच्या बोर्डानं या दाव्यात सामील व्हायचं का यावर विचार केला, आणि तेव्हा टीव्हीवर कंपनीच्या अमेरिकेचे आभार मानणाऱ्या जाहिराती चालू होत्या. लोक पुन्हा उसळले, बोर्डानं माघार घेतली. २०१५ मध्ये कोर्टानं म्हटलं की फेडनं अधिकाराबाहेर जाऊन हिस्सा घेतला, पण भरपाई शून्य, कारण मदत नसती तर शेअरची किंमत शून्यच झाली असती. २०१७ मध्ये वरच्या कोर्टानं, दावा करायचा हक्कच स्टारला नाही म्हणून, तोही निकाल बाजूला केला.

२०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानं कलम १३(३) आवळलं, आता फेडला एकट्या कंपनीसाठी असं कर्ज देता येत नाही, योजना अनेकांसाठी खुली हवी आणि अर्थमंत्र्यांची मंजुरी हवी. ऑफिस ऑफ थ्रिफ्ट सुपरव्हिजन बंद झालं, स्वॉपवर तारणाचे आणि नोंदणीचे नियम आले. राहत्या घराचं मूळ कर्ज दिवाळखोरी कोर्टात कमी करता येत नाही तो नियम मात्र ३० एप्रिल २००९ ला जसा होता तसाच राहिला.